पाण्याचा पेच : जीवसृष्टीच्या पहिल्या रसायनाचा आढावा

दोन अमिनो आम्ले एकमेकांना जोडली जातात तेव्हा त्या जोडणीतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. साखरेचे रेणू जोडून स्टार्च बनतो तेव्हाही तेच, ग्लिसरॉलला मेदाम्ले जोडून चरबी बनते तेव्हाही तेच, आणि आरएनएची साखळी एका दुव्याने वाढते तेव्हाही शेवटी हिशेब तोच. सजीवांच्या शरीरातले बहुतेक मोठे रेणू असे पाणी बाहेर टाकून घडलेले आहेत. पण अभिक्रियेतून जे बाहेर पडायचे तेच भोवती मुबलक असेल, तर अभिक्रिया उलटी फिरते. पाण्यात ठेवलेली साखळी आपसूक वाढत नाही. हळूहळू तुटत जाते.

पेच इथेच आहे. पाण्यावाचून वाढणारा एकही सजीव आपल्याला ठाऊक नाही. मग ज्या द्रवात जीवन सुरू झाले असे आपण शाळेपासून ऐकत आलो, तोच द्रव जीवनाचे रेणू जुळू देत नसेल, तर सुरुवात झाली कुठे आणि कशी? अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टीव्हन बेनर या अडचणीला पाण्याचा विरोधाभास म्हणतात. जीवोत्पत्तीच्या संशोधनात आज जे पक्ष पडले आहेत, त्यांच्यातली फूट पुष्कळ अंशी याच प्रश्नावरून आहे. प्रत्येक पक्षाजवळ प्रयोग आहेत, आणि प्रत्येकाच्या मांडणीत एक तरी मोठी फट आहे. त्या सगळ्याचा हा आढावा.

पाणी काय घडवते, काय मोडते

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनला दोन हायड्रोजन १०४.५ अंशांच्या कोनात जोडलेले असतात. या वाकडेपणामुळे रेणूच्या एका बाजूला थोडा ऋण आणि दुसऱ्या बाजूला थोडा धन भार येतो, आणि शेजारशेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. इतका लहान रेणू खरे तर साध्या तापमानाला वायूरूप असायला हवा. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू त्याच्याहून जड असूनही वायूच असतो. पाणी द्रव राहते ते या बंधांमुळे. त्यांच्यामुळेच मीठ पाण्यात विरघळते आणि तेल मात्र वेगळे राहते.

तेल वेगळे राहणे ही जीवनाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे. मेदाम्लाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते आणि लांब शेपूट पाणी टाळते. असे रेणू योग्य प्रमाणात पाण्यात सोडले की शेपटीला शेपटी भिडवून ते दुहेरी थर करतात, आणि थर मिटून पोकळ गोळी तयार होते. पेशीभोवतीचे पटल याच तत्त्वावर उभे आहे. प्रथिनाची लांब साखळी स्वतःभोवती घडी घालते तेव्हाही पाणी टाळणारे भाग आत दडतात आणि पाण्याशी जमवून घेणारे बाहेर राहतात. पाणी काढून घेतले तर यातले काहीच होत नाही.

आता मोडण्याची बाजू. पेप्टाइड बंध विकराच्या मदतीवाचून साध्या तापमानाच्या पाण्यात तुटायला शेकडो वर्षे लागतात, हे आपले नशीब. आरएनए मात्र नाजूक आहे. त्याच्या साखरेवरचा एक जादा हायड्रॉक्सिल गट शेजारच्या बंधावरच घाला घालतो. डीएनएमध्ये तो गट नसल्याने डीएनए कितीतरी पट टिकाऊ. आरएनएच्या सुट्या भागांची गतही फार वेगळी नाही. १९९५ साली स्टॅन्ली मिलर यांच्या प्रयोगशाळेने मोजले, तेव्हा १०० अंश सेल्सियसला रायबोजचे अर्धायुष्य अवघे ७३ मिनिटे निघाले, आणि गोठणबिंदूला ४४ वर्षे. १९९८ मध्ये मॅथ्यू लेव्ही आणि मिलर यांनी आनुवंशिक अक्षरांचे मोजमाप केले. त्यात सायटोसीन सर्वांत कच्चे ठरले. १०० अंशांना त्याचे अर्धायुष्य १९ दिवस. भूवैज्ञानिक काळाच्या मापाने हा क्षणही नव्हे.

आजची पेशी यातून वाट काढते ती भरपूर किंमत मोजून. अमिनो आम्ल आधी एटीपीच्या ऊर्जेवर सक्रिय केले जाते, मग प्रथिने जोडणाऱ्या रायबोसोमच्या अशा खोबणीत आणले जाते जिथे पाण्याला शिरकाव अवघड आहे, आणि तिथे बंध जुळतो. एका पेप्टाइड बंधामागे किमान चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध खर्ची पडतात. सुरुवातीला रायबोसोम नव्हता, विकरे नव्हती आणि एटीपी बनवणारी यंत्रणाही नव्हती. मग पाण्याला दूर कोणी ठेवले आणि किंमत कोणी भरली? पुढच्या प्रत्येक मांडणीला हेच दोन प्रश्न विचारले, तर वाद समजायला सोपा जातो, असे मला वाटते.

सूपाची कल्पना

१८२८ साली फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि सेंद्रिय रेणूंना खास जीवशक्ती लागते या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. १८७१ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी जोसेफ हुकर यांना लिहिलेल्या पत्रात कोमट पाण्याच्या छोट्या डबक्याची कल्पना आली. अलेक्सांद्र ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये, एकमेकांच्या कामाची माहिती नसताना, तिला वैज्ञानिक रूप दिले. प्राणवायू नसलेल्या वातावरणात सेंद्रिय रेणू साठत गेले आणि आदिम समुद्र पातळ, गरम सूपासारखा झाला, ही ती मांडणी. (हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

१९५३ मध्ये शिकागोत हॅरोल्ड युरी यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्यात ठिणग्या पाडून ग्लायसीन, अलानीन अशी अमिनो आम्ले मिळवली. त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या जेफ्री बेडा यांच्या चमूने २००८ मध्ये आधुनिक उपकरणांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा ज्वालामुखीची नक्कल करणाऱ्या एका मांडणीत २२ अमिनो आम्ले सापडली. आदिम वातावरण मिलर यांनी धरले तसे नव्हते, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन अधिक होते, असे बहुतेक भूवैज्ञानिक आज मानतात. पण सुटे भाग कुठून आले हा प्रश्न आता तितका अडत नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या अशनीत ७०हून अधिक अमिनो आम्ले मिळाली. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएची पाचही नत्रयुक्त अक्षरे आढळल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

सूप मात्र मागे पडले. आख्ख्या समुद्रात विखुरलेले रेणू एकमेकांना भेटणार कधी, आणि भेटले तरी पाण्यात जुळणार कसे, याचे उत्तर त्यात नव्हते. दरम्यान १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना आरएनए स्वतः उत्प्रेरकाचे काम करतो असे आढळले. वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ मध्ये आरएनए-जगताची संज्ञा रूढ केली. २००० साली रायबोसोमची रचना उलगडली तेव्हा त्याच्या गाभ्यात, प्रत्यक्ष बंध जुळतो त्या जागी, प्रथिन नसून आरएनए आहे हे दिसले. त्या कामासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९ चे नोबेल मिळाले. म्हणजे अत्यंत नाजूक, पाण्याने चटकन मोडणारा रेणूच सर्वांत आधीचा असावा, या तर्काला बळ आले, आणि पाण्याचा पेच आणखी घट्ट झाला.

समुद्रतळाचा पक्ष

१९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाशी गरम झरे आणि त्यांच्याभोवती जगणारे जीव सापडले. समुद्रतळाच्या झऱ्यांपैकी काळा धूर ओकणारे झरे ३५० अंशांच्या आसपास तापलेले असतात, आणि मिलर यांनी रेणूंच्या आयुष्याची जी मोजमापे केली त्यांच्यामुळे ते फार आशादायक वाटत नाहीत. पण मायकेल रसेल यांनी वेगळ्या, सौम्य आणि अल्कधर्मी झऱ्यांचे भाकीत केले होते. २००० साली अटलांटिकच्या मध्यावर तसेच झरे खरोखर सापडले. लॉस्ट सिटी असे नाव मिळालेल्या त्या जागी कार्बोनेटचे मनोरे ६० मीटरपर्यंत उंच आहेत, पाणी ४० ते ९० अंश तापलेले आहे आणि सामू ९ ते ११ आहे. तिथली उष्णता ज्वालामुखीची नाही. ऑलिव्हीन खनिजाची समुद्राच्या पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो.

या पक्षाचा भर ऊर्जेवर आहे. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये जे मांडले, आणि ज्यासाठी त्यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले, त्यानुसार जवळजवळ सगळ्या पेशी पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनमधील फरकातून ऊर्जा घेतात. आदिम समुद्र कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी होता, झऱ्याचे पाणी अल्कधर्मी, आणि मध्ये लोह-गंधकाच्या खनिजांच्या पातळ भिंती. निक लेन, विल्यम मार्टिन आणि त्यांचे सहकारी म्हणतात की हा फरक निसर्गतःच हजर होता. जीवनाने तो पुढे आपलासा केला. या मांडणीत आनुवंशिक रेणू नंतर येतात. चयापचय आधी सुरू होतो.

प्रयोगांची साथ वाढते आहे. २०१८ मध्ये श्रीजित वर्मा, जोसेफ मोरान आणि इतरांनी दाखवले की शुद्ध लोह पाण्यात कार्बन डायऑक्साइडपासून अॅसिटेट आणि पायरुव्हेट बनवू शकते. २०२० मध्ये झऱ्यांत मिळणाऱ्या खनिजांच्या साहाय्याने, हायड्रोजन वापरून, असेच रेणू मिळाले. हेच रेणू अनेक सूक्ष्मजीवांच्या चयापचयाच्या मुळाशी आहेत, म्हणून हे यश किरकोळ नाही.

आक्षेपही वजनदार आहेत. फॉर्मेट, अॅसिटेट, पायरुव्हेट इथपर्यंत गाडी येते. तिथून न्यूक्लिओटाइड (आरएनएचे सुटे दुवे) आणि लांब साखळ्यांपर्यंतचा रस्ता प्रयोगशाळेत अजून सलग दिसलेला नाही. खनिजाच्या भिंती पेशीपटलाच्या मानाने खूप जाड आहेत, आणि प्रोटॉनचा फरक हाताशी असला तरी तो वापरायला यंत्रणा लागते. शिवाय साखळी जुळताना पाणी कुठे जाणार, याचे उत्तर खनिजांच्या पृष्ठभागांवर आणि सूक्ष्म छिद्रांतल्या साठवणीवर सोपवलेले आहे.

डबक्यांचा पक्ष

दुसरा पक्ष सरळ पाणी काढून टाकतो, पण कायमचे नाही. जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या काठी डबके आटते, रेणू दाट होतात, बंध जुळतात, पाणी परत येते, रेणू मिसळतात, पुन्हा आटते. डेव्हिड डीमर आणि ब्रूस डेमर यांनी ही कल्पना सविस्तर मांडली आहे. डीमर यांनी १९८० च्या दशकातच मर्चिसन अशनीतून काढलेल्या मेदसदृश द्रव्यापासून पटलाच्या गोळ्या बनवल्या होत्या. २००८ मध्ये डीमर यांच्याबरोबर काम करताना सुधा राजामणी यांनी मेदाच्या थरांमध्ये न्यूक्लिओटाइड कोंडून, ओले-सुके करून, आरएनएसारख्या साखळ्या मिळवल्या. त्या आता पुण्याच्या आयसरमध्ये हेच संशोधन करतात.

त्यांच्या चमूचे २०१७ मधले एक काम मला विशेष बोलके वाटते. लडाखमधल्या गरम झऱ्यांचे पाणी आणून त्यात मेदाम्लांच्या गोळ्या बनतात का, टिकतात का, हे त्यांनी पाहिले. यामागचे कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात पडताळता येते. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण साबण म्हणजे मेदाम्लाचे क्षार, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम भेटले की ते साका होऊन खाली बसतात. आदिम पटल मेदाम्लांचे असेल तर समुद्राच्या पाण्यात त्याचीही तीच गत होणार. झऱ्याचे पाणी त्या मानाने मऊ. समुद्रपक्षाचे उत्तर असे की एकाच मेदाम्लाऐवजी अनेक मेदाम्लांचे आणि अल्कोहोलांचे मिश्रण घेतले तर अल्कधर्मी, खाऱ्या पाण्यातही गोळ्या टिकतात. लेन यांच्या गटाने २०१९ मध्ये तसे दाखवून दिले. म्हणजे हा आक्षेप पूर्वी होता तेवढा निर्णायक राहिलेला नाही.

डबक्यांच्या बाजूने आणखी एक पुरावा मांडला जातो. समुद्रात सोडियम पोटॅशियमच्या सुमारे ४० पट असते आणि पेशीच्या आत मात्र पोटॅशियम वरचढ. आर्मेन मुल्किजानियन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुचवले की पेशीने आपल्या जन्मस्थानाचे पाणी आत जपले आहे, आणि ते जमिनीवरच्या वाफाळ क्षेत्राचे आहे. विचार आकर्षक आहे, पण पेशीने ही रचना नंतर कमावली असणेही तितकेच शक्य आहे.

या पक्षाची दुखरी जागा त्यांच्याच प्रयोगांत दिसते. आम्लधर्मी पाण्यात, तापवत, आटवत साखळ्या जुळवताना न्यूक्लिओटाइडवरची अक्षरे गळून पडतात आणि मागे अक्षरहीन कणा उरतो, असे राजामणी यांच्या प्रयोगशाळेनेच नोंदवले. ज्या साखळीवर अक्षर नाही तिच्यात मजकूर कसा राहणार?

फॉस्फेटचा प्रश्न आणि लोणार

आरएनए, डीएनए, एटीपी, आजची पटले, सगळ्यांना फॉस्फेट लागते; आणि कॅल्शियम असलेल्या पाण्यात फॉस्फेट खनिज बनून तळाशी बसते. हा प्रश्न १९५० च्या दशकापासून पडून होता. २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी त्यावर साधे उत्तर सुचवले. पाणी कार्बोनेटने भरलेले असेल तर कॅल्शियमला कार्बोनेटच आधी पकडते, आणि फॉस्फेट मोकळे राहते. त्यांनी पाहिलेल्या सोड्याच्या सरोवरांत कॅलिफोर्नियाचे मोनो, केनियाचे मगादी आणि बुलढाणा जिल्ह्यातले आपले लोणार होते. अशा काही सरोवरांत फॉस्फरस समुद्रापेक्षा ५० हजार पटींपर्यंत आढळतो.

लोणारला बाहेर वाहून जायला वाट नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपत, ओढ्यांतून वाहत आलेले पाणी सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवरात उतरते आणि फक्त उन्हाने आटते. क्षार मागे राहतात, सामू १० च्या आसपास जातो. उन्हाळ्यात काठाशी पांढरे थर धरतात. हा खार एकेकाळी लोक गोळा करून विकत. अशनीचा आघात, विवर, बंद खोरे, आटणे, दाट होणे ही सगळी मालिका डोळ्यांसमोर दिसते अशा जागा जगात फार नाहीत, आणि त्यांतली एक आपल्याकडे आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. गैरसमज मात्र नको. लोणारचे वय ५० हजार ते सुमारे ५.७ लाख वर्षे असे वेगवेगळे काढले जाते, आणि जीवनाची सुरुवात साडेतीनशे कोटी वर्षांहून जुनी आहे. लोणार जन्मस्थान नाही. तसल्या पाण्याचे रसायन अभ्यासण्याची जागा आहे. बेन्नूच्या मातीतही आटत गेलेल्या खाऱ्या पाण्यातून बसलेले सोडियम कार्बोनेटसारखे क्षार सापडले, त्यामुळे हे रसायन पृथ्वीपुरते नाही हेही कळले.

मधल्या वाटा

पाण्याशी वैर नकोच, असे म्हणणारेही आहेत. रसायनशास्त्रज्ञ जॉन सदरलँड यांच्या गटाने २००९ मध्ये सुटी साखर आणि सुटे अक्षर जोडण्याचा हट्ट सोडून वेगळ्याच वाटेने आरएनएचे दोन घटक बनवले, आणि २०१५ मध्ये हायड्रोजन सायनाइड, हायड्रोजन सल्फाइड आणि अतिनील प्रकाश यांच्या बळावर आरएनए, प्रथिने आणि मेद तिघांचे पूर्वघटक एकाच रसायनातून मिळू शकतात असे दाखवले. टीका अशी की यातल्या पायऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताने, ठरल्या क्रमाने घडतात. निसर्गात तो क्रम कोण पाळणार? लंडनचे मॅथ्यू पाउनर यांनी २०१९ मध्ये अमिनो आम्लांऐवजी त्यांचे पूर्वज अमिनोनायट्रिल वापरून थेट पाण्यात पेप्टाइड जोडले. माझ्या मते हा निकाल अलीकडच्या काळातला सर्वांत अस्वस्थ करणारा आहे, कारण पेच पाण्यात नसून आपण निवडलेल्या कच्च्या मालात असू शकतो, असे त्यातून सूचित होते. बर्फातल्या खाऱ्या फटी आणि हवेतले सूक्ष्म थेंब यांवरही गंभीर काम चालू आहे. दोन्हीकडे पाणी असते, पण मोकळे पाणी थोडे.

काय सुटलेले नाही

दोन मोठे पक्ष एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत आहेत असे वरवर वाटते, पण एकाला ऊर्जेचा उगम सांगायचा आहे आणि दुसऱ्याला साखळ्यांची जुळणी. त्यामुळे एकाच्या यशाने दुसऱ्याचा पाडाव होत नाही. चयापचय आणि आनुवंशिकता यांची गाठ कुठे पडली, हे कोणीच दाखवलेले नाही. सजीवांत अमिनो आम्ले डाव्या हाताची आणि साखरा उजव्या हाताच्या का, याची काही आशादायक उत्तरे आहेत, सर्वमान्य एकही नाही.

वेळापत्रकही धूसर आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जमिनीवरच्या गरम झऱ्याच्या खुणा आणि जीवनाच्या खुणा एकत्र सापडल्या आहेत. पण त्यावरून जीव तिथे राहत होते एवढेच कळते, तिथे जन्मले असे नाही. जनुकांच्या तुलनेवरून आजच्या सर्व सजीवांचा सामाईक पूर्वज सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीचा असल्याचा अंदाज २०२४ मध्ये मांडला गेला. तो खरा असेल तर डबक्यांच्या पक्षाला त्याहीआधी उघडी जमीन हवी. जॅक हिल्सच्या झिरकॉन स्फटिकांतून ४०० कोटी वर्षांपूर्वी गोडे पाणी, म्हणजेच समुद्रावर डोके काढलेली जमीन, असल्याचा पुरावा मिळाला आहे. त्याआधीच्या २० कोटी वर्षांबद्दल मतभेद आहेत.

निर्णायक चाचणी कदाचित शनीच्या एन्सेलेडस या चंद्रावर होईल. तिथे बर्फाखाली समुद्र आहे. कॅसिनी यानाला त्याच्या फवाऱ्यांत हायड्रोजन सापडला, आणि त्याच यानाच्या नोंदींतून २०२३ मध्ये फॉस्फेटही उघड झाले. तो समुद्रही कार्बोनेटयुक्त आहे. तिथे जमीन नाही, ऊन नाही, आटणारे डबके नाही. त्या पाण्यात स्वतंत्रपणे सुरू झालेले जीवन मिळाले, तर कोरडेपणा अनिवार्य होता हे म्हणणे सोडावे लागेल. काहीच मिळाले नाही, तर मात्र उलट बाजू आपोआप सिद्ध होणार नाही. तिथला समुद्र पुरेसा जुना आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.